सुईच्या भोकातून येणारा पाऊस : आमची वाटचाल

आमचे आजोबा गगनबावड्याकडचे. त्यांच्याकडं पावसाला दोनच उत्तरं होती, इरलं म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पानांचं पाठीवर घ्यायचं छप्पर, आणि घोंगडं. रोपलावणीला वाकायचं तर पाठीवर इरलं, गुरांमागं जायचं तर घोंगड्याची खोळ. घोंगडं भिजून जड व्हायचं, पण ऊब सोडायचं नाही. इरल्याखाली पाठ कोरडी राहायची आणि पोटाकडून वारा खेळायचा. हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण वीस-बावीस वर्षं पावसाळी जर्किनं शिवल्यावर मला जे उमगलं, त्यातलं निम्मं त्या इरल्यात होतं.

आण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी 1978 साली कोल्हापुरात शाहूपुरीत दुकान टाकलं ते ताडपत्रीचं. जाड सुईची एक मशीन, ट्रकच्या ताडपत्र्या, ट्रॅक्टरची हुडं, गुऱ्हाळाच्या मांडवावरची कापडं. मी 1998 ला दुकानात बसायला लागलो तेव्हाही तेच काम होतं. 2001 च्या मे महिन्यात एक वायरमन मामा आले. घाटातल्या गावांची लाइन त्यांच्याकडं. तार तुटते ती नेमकी भर पावसात, त्यामुळं त्यांची ड्युटी सगळी वादळातच. अंगातला प्लॅस्टिकचा रेनकोट करवंदीच्या जाळीनं फाडून ठेवलेला. म्हणाले, "आण्णा, ट्रक कोरडा ठेवताय, मला पण ठेवा की."

आम्ही दप्तरं-सॅक शिवायचं आतून लेप दिलेलं जाड नायलॉन आणलं आणि त्यांना एक जर्किन शिवून दिलं. आण्णांनी मजबुतीसाठी सगळीकडं दुहेरी शिलाई मारली. पंधरा दिवसांनी मामा परत आले. चिडले नव्हते, पण चेहरा पडलेला. "कापड एक नंबर आहे आण्णा. पण आतनं भिजलोय की." त्यांनी जर्किन उलटं करून टेबलावर पसरलं. कापड कोरडं होतं. खांद्याची, बाहीची, काखेतली शिवण मात्र एकेक रेघ ओढल्यासारखी ओली. ती रेघ मला आजही दिसते.

एक इंच शिवणीत आठ-दहा टाके, म्हणजे आठ-दहा भोकं. दुहेरी शिलाई म्हणजे त्याच्या दुप्पट. पूर्ण जर्किनाच्या शिवणी मोजल्या तर आपण स्वतःच्या हातानं हजारो भोकं पाडून ठेवतो. त्यात दोरा सुती होता, तो दिव्याच्या वातीसारखा पाणी आत ओढत होता. पुढं वाचनात आलं की ही अडचण या धंद्याच्या जन्मापासूनची आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशनं 1823 मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणारं कापड केलं आणि पेटंट घेतलं. शिंप्यांनी त्याचे कोट शिवले आणि ते शिवणीतून गळायला लागले. वाचून आण्णांना फार बरं वाटलं होतं.

पहिली काही वर्षं आम्ही आतून शिवणीवर पंक्चरचं सोल्यूशन ब्रशनं लावायचो. एक पावसाळा निघायचा. दुसऱ्या वर्षी घडी पडेल तिथं ते तडकायचं. खरा उपाय म्हणजे शिवणीवर आतून टेप चिकटवणारी गरम हवेची मशीन. साधारण दोन बोटं रुंदीची टेप, मागं गोंदाचा थर, गरम हवेचा झोत त्यावर येतो आणि दोन रोलर ती शिवणीवर दाबून बसवतात. 2008 साली कर्ज काढून मशीन घेतली. आमच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा तिची किंमत जास्त होती. आण्णांनी सही करायच्या आधी एकच विचारलं, "मामाचं जर्किन गळायचं थांबंल नव्हं?"

थांबायला अजून तीन महिने गेले. हवा जास्त तापली की कापडाच्या लेपाला फोड येतात, कमी तापली की टेप त्या दिवशी चिकटलेली दिसते आणि महिन्यानं सुटते. जिथं दोन शिवणी एकमेकींना छेदतात, म्हणजे काखेत आणि टोपीच्या मागं, तिथं चार थर एकावर एक येतात आणि रोलर उडी मारतो. आमच्या मशीनवर तेव्हापासून एक मावशी आहेत. त्या कोपऱ्यात त्या पाय हलका करतात, टेप अर्धा श्वास थांबवतात आणि पुढं सोडतात. हे कागदावर लिहून शिकवता आलेलं नाही, त्यांच्या शेजारी बसूनच दोन मुली शिकल्या.

प्रत्येक लॉटमधली एक बाही आम्ही उलटी करतो, मनगटाकडून बांधतो, पाण्यानं भरतो आणि रात्रभर हुकाला टांगतो. खाली वर्तमानपत्र. सकाळी कागदावर एक जरी ठिपका उमटलेला असला तरी तो सगळा लॉट परत मशीनवर जातो. टाचणी आमच्याकडं 2008 पासून बंद आहे. कापडाला टाचणीनं पडलेलं भोक भरून येत नाही, म्हणून कटिंग मास्तरांपासून सगळे चिमटे वापरतात.

शिवण सुधारली आणि मग आम्ही कापडाच्या आकड्यांमागं लागलो. पाच हजार, दहा हजार, वीस हजार मिलिमीटर असं जे लेबलवर असतं, त्याचा अर्थ साधा आहे. कापड ताणून धरायचं, त्यावर पाण्याचा दाब वाढवत न्यायचा आणि थेंब पलीकडं यायला लागले की थांबायचं. दहा हजार म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसला. नुसत्या पडणाऱ्या पावसाचा दाब याच्यापुढं किरकोळ असतो. दाब येतो तो सॅकच्या पट्ट्यांखाली, ओल्या दगडावर बसल्यावर, गुडघा टेकल्यावर. त्यामुळं पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चालणाऱ्याला आकडा मोठा हवा, आणि खांद्यावर कापडाचा दुसरा थर हवा. गाडीवरून ऑफिसला जाणाऱ्याला आकड्यापेक्षा चेनवरची झडप महत्त्वाची, कारण वेगात पाऊस समोरून छातीवर आदळतो आणि साध्या चेनमधून सरळ आत येतो.

आमचा सगळ्यात मोठा धडा मसाई पठारावरचा. दर वर्षी पावसात पन्हाळा ते पावनखिंड मोहीम निघते, त्यात हजारो माणसं चालतात. 2011 ला आम्ही दोन जर्किनं घेऊन त्यात गेलो. एक आमचं साधं लेपाचं, दुसरं महागडं परदेशी, घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या पडद्याचं. पन्हाळा सोडून पठारावर आलं की आडोसा संपतो. तिथं पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, आणि कड्याच्या बाजूला तर वारा त्याला खालून वर उडवतो. चार तासांनी दोन्ही जर्किनं उलटी केली. बाहेरचं पाणी दोन्हीत शिरलं नव्हतं. आतून दोन्ही ओली होती, घामानं.

याचं कारण समजायला मला वेळ लागला. 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून असा पडदा केला की त्याच्या बारीक छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण वाफ बाहेर जाते. फार मोठा शोध आहे. पण वाफ बाहेर जायची तर आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी हवा. हिमालयातल्या थंड हवेत तो फरक भरपूर असतो. जुलैमधल्या सह्याद्रीत बाहेरचीच हवा पाण्यानं भरलेली, ऊबही बऱ्यापैकी. वाफेला जायला जागाच नाही. शिवाय बाहेरच्या कापडावरची पाणी झटकणारी प्रक्रिया झिजली, म्हणजे थेंब अळवाच्या पानावरून ओघळतो तसा ओघळायचा थांबला, की कापड वरून ओलं होऊन बसतं आणि छिद्रं असून नसल्यासारखी होतात.

तेव्हा आजोबांचं इरलं आठवलं. दुसऱ्या वर्षीपासून आमच्या जर्किनांना काखेत लांब चेन आली, पाठीवर झडपेखाली जाळी आली, आणि आम्ही ती जरा ढगळ शिवायला लागलो. हिमालयात बर्फात जाणारं गिऱ्हाईक आलं तर मी स्पष्ट सांगतो, तिथं पडद्याचंच जर्किन घ्या, आमचं नको. घाटात भातलावणी, लाइन, जंगल, मोहीम असेल तर आमच्याकडं या.

आता 2013 चं सांगितलंच पाहिजे. एका नव्या व्यापाऱ्याकडून कापड घेतलं, स्वस्त पडलं, हाताला मऊ होतं, आकडाही चांगला. चारशेच्या आसपास जर्किनं शिवली. दोन पावसाळ्यांनी ती परत यायला लागली. आतला लेप सालपटासारखा निघत होता, चिकट झाला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. असा लेप पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा असतो; त्याच्या हलक्या प्रतीला दमट उबेत पाणी आतून खात जातं. वापरून नव्हे, ठेवून खराब होतं. आपल्याकडं ओलं जर्किन घडी घालून दाराआड ठेवलं की चार महिने ते त्याच हवेत असतं. व्यापाऱ्यानं हात वर केले. आम्ही जी परत आली ती सगळी बदलून दिली, त्या वर्षी घरात दिवाळीचे कपडे घेतले नाहीत. तेव्हापासून नवं कापड आलं की त्याचा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात बंद करून पत्र्याखाली अख्खा उन्हाळा ठेवतो. जो टिकतो तोच पुढच्या वर्षी येतो. यामुळं आमचा माल दर वेळी एक वर्ष उशिरा बदलतो आणि ते मला मान्य आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये दुकानात पुराचं पाणी आलं. मशीन वरच्या माळ्यावर चढवली होती म्हणून वाचली, कापड गेलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तीच मशीन कामाला आली. डॉक्टर-नर्सच्या पीपीई किटला शिवणीवर टेप लागतेच, आणि अशा मशीन तेव्हा फार थोड्या ठिकाणी होत्या. तीन महिने मावशी आणि त्या दोन मुली दोन पाळ्यांत नुसती टेप मारत होत्या. बाही पाण्यानं भरून टांगायची पद्धत तेव्हाही सोडली नाही. आण्णा त्या काळात रोज सकाळी येऊन खालचा कागद बघायचे.

दुकानात जर्किन बघायला आलेल्या माणसाला मी पहिल्यांदा ते उलटं करून देतो. टेपच्या कडेला नख लावून बघा, उचलली जाते का. टोपी घाला आणि मान वळवा, टोपी तुमच्याबरोबर वळली पाहिजे, नाहीतर गाडीवर एक डोळा झाकला जातो. दोन्ही हात वर करा, कंबर उघडी पडली तर लाइनवर चढताना तिथनंच पाणी येणार. मनगटाला नुसतं इलॅस्टिक असेल तर ते पाणी शोषून कोपरापर्यंत नेतं, वेल्क्रोची पट्टी बघा. चेनचा रनर लोखंडी असेल तर तो घेऊ नका, कोकणात एका पावसाळ्यात गंजून अडकतो. आणि आत जे स्वेटर किंवा शर्ट घालणार, तो घालूनच माप घ्या.

घरी नेल्यावर धुण्याची पावडर, ब्रश आणि कपडे मऊ करणारी लिक्विडं लांब ठेवा. चिखल साध्या पाण्यानं काढा, सावलीत हँगरला वाळवा, पावसाळा संपल्यावर घडी न घालता टांगूनच ठेवा.

वायरमन मामा आता रिटायर झालेत. त्यांचं 2009 चं जर्किन त्यांचा मुलगा घालतो, तो पण लाइनवरच आहे. कोपरावर दोन ठिगळं, चेन दोनदा बदललेली, खांद्याची टेप यंदा तिसऱ्यांदा मारली. जुन्या टेपचा गोंद खरवडून काढायला नवीन शिवण्यापेक्षा जास्त वेळ जातो, मावशी एका जर्किनाला अर्धा दिवस घेतात. म्हणून दुरुस्तीची जर्किनं आम्ही 15 मे पर्यंतच घेतो. ज्यांची टेप सुटली असेल त्यांनी पहिल्या वळवाची वाट न बघता आणून द्यावी.