वर्षाचे २२ किलोमीटर

शुक्रवार, रात्री

संध्याकाळी मित्राचा फोन आला. त्याच्या ओळखीतल्या एका वयस्कर गृहस्थांना त्यांची मर्सिडीज द्यायची आहे. डब्ल्यू १२३ या पिढीतली २४० डी, १९८२ची, पहिल्यापासून एकाच हातात असलेली. "पैशाचं नंतर बघू, त्यांना फक्त ती चांगल्या माणसाकडे जायला हवीय," असं तो म्हणाला आणि मला घाम फुटला. पैशाचा प्रश्न असता तर 'परवडत नाही' म्हणून मोकळा झालो असतो. चांगला माणूस नाही, असं कसं सांगू?

या गाडीबद्दल मी नको इतकं वाचून ठेवलंय. डिझेल, म्हणजे ठिणगी पाडायची भानगडच नाही: पॉइंट नाहीत, प्लग नाहीत, पावसात रुसणारा डिस्ट्रिब्युटर नाही. १९७६ ते १९८६ या काळात २६-२७ लाख गाड्या निघाल्या, त्यामुळे सुट्या भागांची चिंता नाही. वेगाच्या नावाने बोंब. दारांची लॉकं व्हॅक्यूमवर चालतात आणि इंजिन बंद करायचं कामही व्हॅक्यूमकडेच. कुठे एखादी नळी चिरली की किल्ली काढून खिशात टाकली तरी इंजिन आपलं घुरघुरतच राहतं. शहाण्या माणसाने अशा गाडीवर भाळू नये.

'हो' अगदी ओठावर आलं होतं. रविवारपर्यंत सांगतो म्हणालो.

जेवताना हिला सांगितलं. मला वाटलं विचारेल, ठेवणार कुठे? त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं, कागदावर नकाशासुद्धा काढला होता. ती म्हणाली, "चालवणार कधी?"

त्याचा नकाशा नव्हता.

शनिवार, दुपारी

सकाळपासून शेडमध्ये आहे. चार गाड्या: १९६५ची बीटल, १९७१ची एमजीबी, १९७४ची मिनी आणि १९९१ची माझदा एमएक्स-५. प्रत्येकीच्या कप्प्यात एक छोटी वही असते. पेट्रोल कधी भरलं, काय उघडलं, किलोमीटर किती झाले, असं सगळं त्यात लिहायची माझी सवय. इतकी वर्षं नेमाने लिहितोय, पण चारही वह्या शेजारी शेजारी ठेवून कधी वाचल्या नव्हत्या. आज बाकावर मांडल्या आणि गेल्या वर्षाचे आकडे काढले.

एमएक्स-५: ४,१८०.
बीटल: १,२६०.
एमजीबी: ३१०.
मिनी: २२.

बावीस. एक शून्य राहिलं असेल म्हणून पुन्हा मीटर बघून आलो. बावीसच.

बरं, हे बावीस तरी कुठे गेले? शेडच्या मागच्या भिंतीला ओल येते. मिनी मी पत्र्यापासून नवी केलेली, म्हणून तिला ओल लागू नये यासाठी पुढे ठेवली. तिच्या मागे एमएक्स-५. म्हणजे जी सारखी काढायची ती मागे आणि जी कधीच न्यायची नाही ती पुढे. वर्षातून नव्वदेक वेळा मी मिनी सुरू केली, बाहेर काढली, एमएक्स-५ काढली, मिनी परत आत लावली. परत आल्यावर हाच खेळ उलट. त्यात साधारण निम्मे किलोमीटर गेले. उरलेले एकदा पेट्रोल पंपापर्यंत आणि परत. ते पेट्रोल अजून टाकीत आहे.

हे लिहिताना हसू येतंय, पण दुपारी आलं नव्हतं. कारण यंत्राच्या बाजूने विचार केला तर मी तिला जपत नव्हतो, मारत होतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन धड गरम झालं की ते वाफ होऊन निघून जातं. चोक ओढून दोन मिनिटं चालवलेल्या गाडीत ते थंड सायलेन्सरमध्येच साचतं आणि त्याला आतून खातं. थोडं ऑइलमध्येही उतरतं. आणि मिनीची गंमत अशी की तिचं इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, आणि दोघांना ऑइल एकच. मिनीचा रचनाकार इसिगोनिसने १९५९मध्ये तीन मीटरच्या गाडीत चार माणसं बसवायला केलेली ती करामत, आणि मी त्याच ऑइलमध्ये वर्षभर पाणी मिसळत बसलो. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा सुरू झालेली गाडी मिनी, आणि एकदाही नीट गरम न झालेली गाडीही मिनीच.

मग ओढ लागल्यासारखा सगळ्या गाड्यांचे टायर बघत सुटलो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. मिनीच्या टायरवर २३१४. म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, आणि बाजूला केसासारख्या बारीक चिरा. न चालता म्हातारे झालेले टायर.

शनिवार, रात्री

झोप येत नाही, म्हणून हिशेब.

पूर्वी मला वाटायचं, किती गाड्या ठेवायच्या हे जागेवर ठरतं. नंतर वाटू लागलं, पैशावर. दोन्ही मर्यादा असतातच, पण त्या ताणता येतात. माणूस शेजाऱ्याची शेड मागतो, कर्ज काढतो, बायकोला 'ही शेवटची' असं सांगतो. (मी दोनदा सांगितलंय.) रविवार मात्र ताणता येत नाही.

काहीही बिघडलं नाही असं धरू, जे कधीच खरं नसतं. तरी प्रत्येक गाडी दोन-तीन आठवड्यांतून एकदा बाहेर पडायला हवी, आणि नुसती दारात गुरगुरवून उपयोग नाही, ऑइल गरम होईपर्यंत, अर्धा-पाऊण तास रस्त्यावर. वर्षातून एकदा ऑइल बदलायचं. ब्रेक ऑइल दोन वर्षांतून एकदा, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आतून ब्रेकचे सिलिंडर गंजवतं. गाडी उभी आहे म्हणून ते थांबत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलही पाणी ओढतं, वर जुन्या रबरी नळ्या मऊ करतं, म्हणून त्या बदलायच्या. बॅटरी अर्धवट उतरलेली राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि मग कितीही चार्ज करा, ती परत पहिल्यासारखी होत नाही. आमच्याकडे हाही एक तमाशाच आहे. बीटल सहा व्होल्टची. एमजीबीत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकापुढे एक जोडलेल्या. म्हणजे चार गाड्यांच्या पाच बॅटऱ्या आणि दोन जातींचे चार्जर.

सगळं धरून गाडीमागे वर्षाला पंचवीस-तीस तास. चारींचे शंभर-सव्वाशे. हे फक्त त्या आहेत तशा राहाव्यात म्हणून. यात हौस अजून आलेलीच नाही.

आणि माझ्याकडे? रविवार बावन्न. त्यातले निम्मे घरचे, दारचे, आजारपणाचे, लग्नाकार्यांचे. उरलेल्या सव्वीस रविवारी पाच-पाच तास. एकशे तीस.

म्हणजे मी सध्या बरोबर काठावर आहे. पाचवी आली की मी मालक न राहता रखवालदार होणार.

रविवार, सकाळी

एका गोष्टीचा आकड्यांनी घोळ केलाय. एखादी कमी करायची आणि किलोमीटरवर जायचं, तर मिनीबरोबर ३१० वाली एमजीबीही जायला हवी. तर्कही तेच सांगतो. एमजीबी आणि एमएक्स-५ यांचं काम एकच: उघडं छप्पर, दोन सीटा, मागची चाकं ओढणारी. १९८९मध्ये माझदाने एमएक्स-५ आणली तीच मुळी जुन्या ब्रिटिश रोडस्टरची मजा द्यायची, पण ऑइल गळणार नाही आणि सकाळी सुरू होईल, या हिशेबाने. मग मूळ ठेवायची कशाला, तिची सुधारलेली आवृत्ती दारात असताना?

पण वही उलटली आणि मागची पानं पाहिली, कामाची. एमजीबीची सतरा पानं भरलीत. पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर काढून साफ केले, नवीन जेट, मग दोन्हींची हवा जुळवायला रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून तासन् तास ऐकत बसणं. दोन्हींचा फुसफुस आवाज एकसारखा झाला ती संध्याकाळ माझ्या चांगलीच लक्षात आहे. त्या दिवशी गाडी शेडबाहेर गेलीसुद्धा नव्हती. एमएक्स-५च्या वहीत कामाचं एकच पान आहे: ऑइल, फिल्टर, वायपर.

म्हणजे एक गाडी मला चालवायला लागते आणि एक उघडायला. बीटल दोन्हीला बरी. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर लावली, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची फट थंड इंजिनवर बघितली की निघायचं, आणि लेक तिच्यातच गाडी शिकली त्यामुळे तिच्याविषयी या घरात चर्चाच होत नाही.

मिनी मात्र मी चालवतही नाही, उघडतही नाही. तिचं काम संपलंय. तीन वर्षं घासून, पत्रा कापून, मागची चाकं धरणारी सबफ्रेम बदलून, मूळच्या छटेचा रंग मिळवून मी ती पुरी केली, आणि ज्या दिवशी पुरी झाली त्या दिवसापासून तिला रस्त्यावर न्यायची भीती वाटायला लागली. खडा उडेल. पाऊस येईल. कोणी दार उघडताना ठोकेल. लेकीने गेल्या वर्षी एकदा नेऊ का विचारलं तर मी म्हणालो, "बीटल ने ना." ती म्हणाली, "बाबा, ती गाडी आहे की फोटो?" तेव्हा मला राग आला होता.

जाता जाता: जुन्या गाड्यांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येत ऐतिहासिक वाहन म्हणजे किमान ३० वर्षं जुनं, मूळ रूप जपलेलं, आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी न वापरलेलं. या हिशेबाने माझी एमएक्स-५ वयाने क्लासिक झालीय आणि वापराने नाही. मिनी व्याख्येत चपखल बसते. मला ही व्याख्या आज पहिल्यांदाच खुपली.

रविवार, रात्री

मित्राला फोन करायच्या आधी दुपारभर श्लुम्फ बंधूंबद्दल वाचत बसलो. फोन टाळण्यासाठीच, दुसरं काय! फ्रान्समधल्या मुलूझला हान्स आणि फ्रिट्झ या भावांच्या लोकरीच्या गिरण्या होत्या. त्यांनी गुपचूप चारशेहून जास्त गाड्या जमवल्या, त्यात शंभराच्या वर नुसत्या बुगाटी. बुगाटीच्या रॉयल या अजस्र गाड्या जगात सहाच उरल्यात. त्यातल्या दोन यांच्याकडे. एका गिरणीतच सगळ्या लावल्या, वर पॅरिसच्या एका पुलावरच्या दिव्यांसारखे शेकडो खांब उभे केले. गिरण्या बुडाल्या, १९७७मध्ये कामगार आत शिरले तेव्हा त्यांना आपला पगार कुठे गेला ते रांगेत उभं दिसलं. भाऊ तोवर स्वित्झर्लंडला निघून गेले होते. आज तिथे मोठं संग्रहालय आहे आणि लोक रांगा लावून बघतात.

त्या कामगारांच्या जागी मी असतो तर मलाही संताप आला असता. पण मला राहून राहून वेगळाच प्रश्न पडत होता. त्या चारशेतल्या किती गाड्यांत फ्रिट्झ श्लुम्फ स्वतः बसून कुठे गेला असेल? आणि मला हा प्रश्न विचारायचा अधिकार नाही, हेही कळत होतं. बावीस किलोमीटरवाला मी.

फोन केला. नाही म्हणालो. मित्र म्हणाला, "एकदा बघून तरी घे." बघायला गेलो तर संपलंच, हे त्यालाही माहीत आहे.

दीड महिन्यानंतर, गुरुवार

मिनी गेली. नेणाऱ्या मुलीने आधी बॉनेट न उघडता विचारलं, "हिच्यातून कामावर गेलं तर चालेल ना?" मी तिला सबफ्रेमबद्दल सांगणार होतो, रंगाच्या छटेबद्दल सांगणार होतो. म्हटलं, चालेल. टायर मात्र नवे घालून दिले, ऑइल बदललं, टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. वहीही दिली. ती दुसऱ्याच दिवशी पावसात घेऊन गेली म्हणे. तिनेच फोटो पाठवला, चिखलाचे शिंतोडे दारापर्यंत. मी फोटो मोठा करून मागच्या चाकाशी रंग उडालाय का ते बघितलं. नव्हता उडाला.

आता पुढे एमएक्स-५ असते. कुणाला हलवावं लागत नाही. रविवारी एमजीबीचं क्लच सिलिंडर उघडलं आणि दुपारी दोन वाजता हात धुऊन घरात आलो, तर ही घड्याळाकडे बघून म्हणाली, "एवढ्यात?"

मर्सिडीज अजून तिथेच आहे, असं मित्र परवा सहज बोलता बोलता म्हणाला. ती लांबीला पावणेपाच मीटरच्या जरा खाली भरते. मिनीची जागा तीन मीटर. दरवाज्याकडची दोन फूट धरली तरी बसत नाही. मी टेप लावून बघितलं.

दोनदा.