समेवर खून : तालमीची तिसरी नोंद

मागच्या नोंदीला तीन आठवडे झाले. मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, त्यामुळे तालीम एकतर सकाळी सहाला गच्चीवर, नाहीतर रात्री नऊनंतर कूलरसमोर. कूलरचा किस्सा पुढे येईलच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : 'समेवर खून' हे आमचं नाचातून सांगितलेलं रहस्यनाटक. नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा, कोजागिरीची रात्र, संत्र्यांचा बडा आडत्या. मसाला दुधाचा चांदीचा पेला नाचता नाचता हातोहात फिरतो. नाच थांबेल तेव्हा तो ज्याच्या हाती असेल, त्याने पहिला घोट घ्यायचा. घोट आडत्याच्या वाट्याला येतो आणि आडत्या उताणा. तपासाला येतो तो इन्स्पेक्टर, ज्याला तालाचा गंध नाही. संवाद मोजके, बाकी सगळं पायांवर.

आमचं घोडं अडलं होतं ते या पेल्यापाशी. पाच जण गोलात, दर मात्रेला, म्हणजे तालाच्या दर ठोक्याला, पेला डावीकडे एक घर सरकतो. आधी त्रितालात बसवलं. सोळा मात्रांत पेला तीन फेऱ्या पूर्ण करून एक घर पुढे जातो, म्हणजे दर समेला (आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका चक्राच्या, पहिल्या मात्रेला) पुढचा माणूस : एक, दोन, तीन, चार, पाच. पहिल्याच दिवशी चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "आता याचा नंबर आहे ना?" रहस्य तिथेच संपलं.

मग रूपक ताल घेतला. सात मात्रांत पेला दोन घरं पुढे सरकतो. समेला एक, मग तीन, पाच, दोन, चार, आणि बरोबर ३५ मात्रांनी परत एक. बघणाऱ्याला क्रम लागत नाही, नाचणाऱ्याला मात्र पक्का ठाऊक असतो. आता गंमत बघा. विष 'एक' नंबरनेच घातलंय, आणि सरळ नाचलं तर छत्तिसाव्या मात्रेला, म्हणजे समेवर, पेला त्याच्याच हाती येणार. वाचायचं तर त्याने मध्येच कुठेतरी एक मात्रा खायला हवी, म्हणजे त्या मात्रेला पेला पुढे द्यायचाच नाही. एक मात्रा खाल्ली की पेला एक घर मागे राहतो, म्हणजे पाच नंबरकडे. पाच म्हणजे आडत्या. (एक नंबर कोण ते इथे लिहीत नाही, आमचे नातेवाईकही हे वाचतात.)

मात्रा खायची कुठे? आधी दुसऱ्या आवर्तनात चौथ्या मात्रेवर खाल्ली. ती टाळीची मात्रा, डग्गा (डाव्या हाताचा तबला) तिथे घुमतो, सगळ्यांची नजर तिथेच. सोसायटीतले आठ जण बसवून दाखवलं, सहा जणांनी लगेच बोट दाखवलं. मग तिसऱ्या आवर्तनातल्या दुसऱ्या मात्रेवर नेली. तीं तीं ना, धीं ना, धीं ना : रूपकात सुरुवातच खालीने, म्हणजे डग्ग्याविना, होते, त्यातला हा दुसरा 'तीं'. डग्गा गप्प असतो, त्यामुळे बघणाऱ्याचा डोळाही सैल पडतो. या वेळी आठांपैकी एकालाही कळलं नाही. मी खूश, पण आमच्या तबलजी भाऊंनी बरोबर टोकलं : "अरे, पण मग नंतर सांगितल्यावर तरी आठवलं पाहिजे ना? नाहीतर लोक म्हणतील, फसवून राहिले."

म्हणून त्या मात्रेवर एक शिंक ठेवली. शुभकार्यात शिंक आली की आपण थांबतोच, त्यात संशय कसला? लोक हसतात, विसरतात, आणि दुसऱ्या अंकात तोच नाच संथ लयीत परत दाखवला की "अरेच्चा, ती शिंक!" असा आवाज उठतो. आतापर्यंतच्या कामात मला सर्वात आवडलेली जागा हीच.

कूलर चालू असताना खाली आणि भरी (डग्ग्यासकट वाजणारा भाग) सारखीच ऐकू येते, हे पाच तालमी फुकट गेल्यावर कळलं. आता कूलर बंद, आणि घामाने पेला हातातून निसटतो. आधी त्यात पाणी होतं, एकदा घसरून तिघं एकमेकांवर पडल्यावर कापूस भरला.

इन्स्पेक्टर ही वेगळीच डोकेदुखी. ताल कळत नाही म्हणून ज्याला घेतला, तो गुपचूप घरी रियाज करून ताल शिकला! आता त्याला बेताल होणं जमेना. उपाय म्हणून त्याला दादऱ्याच्या सहा मात्रा मोजायला लावल्यात. सगळे सातात, तो सहात, बेचाळीस मात्रांशिवाय गाठ पडत नाही. अस्सल गोंधळ होतो.

आणि मृतदेह. आमचा आडत्या मूळचा ढोलकीवाला, मेल्यावरही त्याचा अंगठा ठेका धरतो. तीन वेळा रागावून झालं. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडशाकडे, मी लहानपणी रात्र रात्र नाटकं पाहिलीत. तिथे मेलेला खलनायक वन्समोअरला उठून गाणं परत म्हणून पुन्हा मेलेला आठवतो. तेव्हा म्हटलं, राहू दे. आता इन्स्पेक्टरची मोजणी चुकली की तो नकळत प्रेताच्या अंगठ्याकडे बघून मोजतो. खून उघडकीला आणणारा साक्षीदार स्वतः मयतच.

संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांचं सेन्सॉर) पाठवायची आहे. नाचाच्या जागी काय लिहावं यावर दोन संध्याकाळी वाद घातले. सध्या तिथे "३५ मात्रा, पैकी एक शिंक" एवढंच आहे.

काल रात्री एक नंबरला भलत्याच ठिकाणी खरी शिंक आली, इन्स्पेक्टर "हा अपघात नाही, खून आहे" म्हणत असतानाच. जमिनीवरून मृतदेह उत्तरला, "सत्य!" ठेवायचं की काढायचं, यावर आज रात्री नऊला मतदान आहे.