प्लॉटवरची घरं आणि गावची शाळा

आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात पगारावर राज्याचा कर नाही, दुकानात सामान घेताना विक्रीकरही नाही. हे फोनवर सांगितलं की काका म्हणतात, "मग चैनच आहे की तुमची!" पण शाळा चालवायला पैसा लागतोच, आणि इथे तो मुख्यतः घरपट्टीतून येतो. घराच्या किमतीवर हजारी दर लागतो. हजाराला २० डॉलर दर धरला, तर चार लाख डॉलरच्या घराला वर्षाला ८,००० डॉलर पट्टी. आणि शाळेत जाणाऱ्या एका मुलामागे या राज्यात वर्षाला सरासरी २०,००० डॉलरहून जास्त खर्च होतो. आता आमच्यासारखं दोन मुलांचं कुटुंब गावात आलं की काय होतं, याचा हिशेब तुम्हीच मांडा. आमच्या मुलांचा खर्च आमच्या पट्टीत भागत नाही, तो सगळ्या गावाच्या पट्टीत जातो. ज्यांची मुलं कधीच शिकून बाहेर पडली, त्या म्हाताऱ्या माणसांच्याही.

त्यात शहरातून आलेली माणसं घराला मागाल ती किंमत देतात. मग शेजारच्या जुन्या घराचं मूल्यांकनही चढतं. पेन्शनवर जगणाऱ्या बाईला घर विकायचं नसतं, तिचं उत्पन्नही वाढलेलं नसतं, पण पट्टीचा कागद मात्र दरवर्षी जड होत जातो. अशा माणसांनी नव्या घरांकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं तर मला राग येत नाही.

हे इथे आजचं नाही. बोस्टनहून उत्तरेकडे येणारा आय-९३ हा मोठा रस्ता साठच्या दशकात झाला आणि त्याच्या कडेची गावं बदलली. लंडनडेरी हे सफरचंदाच्या बागांचं गाव. १९६० च्या जनगणनेत तिथे २,४५७ माणसं होती, १९८० मध्ये १३,५९८. नोकरी बोस्टनकडे, घर इथे. वीस वर्षांत पाचपट वस्ती म्हणजे वर्ग वाढवा, बस वाढवा, मास्तर वाढवा. शेवटी राज्यात कायदा झाला की नवीन घरं बांधणाऱ्याकडून गावाला शाळेसाठी, रस्त्यासाठी वेगळी फी घेता येते.

हे सगळं बघताना मला आपल्या गावाकडचा बेळगाव–वेंगुर्ला रस्ता डोळ्यांपुढे येतो. हिंडलगा मागे पडला की पूर्वी दोन्ही बाजूंना भात आणि पुढे रताळ्याचे वेल असायचे. आता एनए म्हणजे बिगरशेती झालेल्या शिवारात सिमेंटचे खांब, आखलेले रस्ते आणि कमानीवर लेआउटचं, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीचं नाव. बेनकनहळ्ळी, सावगाव, मंडोळी, कंग्राळी, सगळीकडे तेच. मच्छे आणि पिरनवाडीत तर ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या. शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घ्यायला कर्नाटकात जी बंदी होती, ती कलमं २०२० मध्ये काढून टाकली, त्यानंतर व्यवहारांना आणखी वेग आला असं गावाकडची माणसं सांगतात. बासमतीच्या वासाने जी शेतं ओळखू यायची तिथे गुंठ्यांचे भाव बोलले जातात. ज्याने विकलं त्याला मी नावं ठेवणार नाही. मुलीचं लग्न, कर्ज, भावाभावांतली वाटणी, कारणं घरोघरची आहेत.

पण शाळेच्या बाबतीत आपल्याकडे इथल्या अगदी उलट घडतंय, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. इथे नवीन घर उठलं की त्या घरातलं मूल बहुधा गावच्याच शाळेत येतं, म्हणून वर्ग अपुरे पडतात. आपल्याकडे लेआउटमध्ये पन्नास घरं उठली तरी सरकारी मराठी शाळेच्या पटावर एक नाव वाढत नाही. सकाळी पिवळ्या गाड्या येतात आणि मुलांना बेळगावातल्या इंग्रजी शाळांत घेऊन जातात. पाठोपाठ गावातली जुनी घरंही मुलांना त्याच गाडीत बसवतात. पट घटला की शिक्षक दुसरीकडे जातात, दोन-दोन इयत्ता एका खोलीत बसतात, ते बघून उरलेले पालकही नाव काढतात. गाव वाढतंय आणि शाळा आटतेय.

याला भाषेच्या वादाचं रूप देऊ नये असं मला कळकळीने वाटतं. लेआउटमध्ये येणारे कोण आहेत? खानापूर आणि चंदगडकडून मुलांच्या शिक्षणासाठी आलेले, फौजेतून निवृत्त झालेले जवान, शहरातलं भाडं परवडेना म्हणून बाहेर पडलेले, हुबळी-धारवाडकडचे नोकरदार. मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, दोन्ही. आणि मराठी घरातली मुलंही त्याच पिवळ्या गाडीत असतात.

पैशाचं गणितही वेगळं आहे. आपल्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे शाळा ओस पडली तरी कुणाच्या घरपट्टीत फरक पडत नाही. ताण येतो तो पाण्यावर, गटारीवर, कचऱ्यावर. लेआउट पंचायतीकडे नीट हस्तांतरित झालेला नसला की प्लॉट विकणारा निघून गेलेला असतो, राहणारे पंचायतीकडे बोट दाखवतात, पंचायत कागदाकडे. लेआउट मंजूर करताना बाग आणि सार्वजनिक सोयींसाठी जागा सोडायची असते. ती सीए साइट, म्हणजे सार्वजनिक सोयींची जागा, कुठे आहे, तिच्यावर काय उभं राहिलंय, हे गावाने विचारायला हवं. शाळेचं मैदान, वाचनालय, अंगणवाडी, सगळं तिथे बसू शकतं.

इथली एक गोष्ट मात्र मला आपल्याकडे हवी आहे. शेत किंवा जंगल म्हणून राखलेल्या जमिनीला १९७३ च्या कायद्याने कमी पट्टी लागते. पण त्या जमिनीवर घरं उठली की बाजारभावाच्या १० टक्के रक्कम गावाला द्यावी लागते, आणि अनेक गावं त्यातला पैसा दुसरी जमीन राखायच्या फंडात टाकतात. आपल्याकडे एनए करताना भरलेला पैसा सरकारच्या तिजोरीत जातो. ज्या गावाचं शिवार गेलं त्याच्या शाळेची कौलंही त्यातून बदलत नाहीत. माजी विद्यार्थी वर्गणी काढून ती बदलतात, तेव्हा कुठे पावसाळा निभतो.

आणि इथली सभा. मार्चमध्ये शाळेचं बजेट गावासमोर येतं आणि मतदार हात वर करून, नाहीतर मतपेटीत, निकाल देतात. आम्ही नागरिक नसल्याने आम्हाला मत नाही, पण सभेला बसता येतं, आणि मी जाते. लोक काय करू शकतात हे क्रॉयडनने दाखवलं. जेमतेम आठशे वस्तीचं गाव. मार्च २०२२ च्या सभेत एकाने सुचवलं की शाळेचं १७ लाख डॉलरचं बजेट ८ लाखांवर आणा. सुचवणारा बाहेरून येऊन गावात स्थायिक झालेला, सरकार कमीत कमी असावं असं मानणाऱ्या चळवळीतला. बर्फाचा दिवस, माणसं थोडी. ठराव २० विरुद्ध १४ मतांनी पास झाला! निर्णय फिरवायचा तर निम्मे मतदार हजर लागत होते. गावकरी दारोदार फिरले. मे महिन्यात पुन्हा सभा झाली आणि ३७७ विरुद्ध २ मतांनी बजेट परत मिळालं. त्या ३७७ जणांतही जुने आणि नवे दोन्ही असणार.

आपल्याकडे सहा महिन्यांतून किमान एकदा ग्रामसभा व्हायलाच हवी. तिथे शाळेचा विषय निघतो तेव्हा लेआउटमधलं किती जण असतं? एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीत, तर ज्यांची मुलं शाळेत आहेत त्याच पालकांना जागा, म्हणजे तो दरवाजाही त्यांना बंद. पण गावानेही त्यांना कधी बोलावलं? महालक्ष्मीची यात्रा ठरली की ठरलेल्या वारी शेतकाम बंद ठेवायची वार पाळणूक सुरू होते, पंच कमिटी यात्रेसाठी घरटी वर्गणीची पट्टी ठरवते. तेव्हा पट्टी मागायला आपण कमानीच्या आत जातो. पारायणाला, कडोली-येळ्ळूर-उचगावच्या साहित्य संमेलनांना, शाळेच्या स्नेहसंमेलनाला मात्र बोलवायला जात नाही. मग ती माणसं दहा वर्षं राहूनही 'प्लॉटवाले'च राहतात.

आमच्या पंचायतीतल्या सदस्यांना मी एवढंच लिहिलंय: ग्रामसभेची नोटीस प्रत्येक लेआउटच्या कमानीवर, मराठीत आणि कन्नडमध्ये, आठ दिवस आधी लावा. विषयपत्रिकेत शाळेचा पट आणि सीए साइट हे दोन विषय घ्या. छपाईचा खर्च मी पाठवते. आणि लेआउटमधलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही सांगते, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, पण त्या सभेला या. शाळेच्या खोल्या, विहीर, रस्ता, शिवार हे आता तुमचंही आहे.