सात नंबर बाद: ‘बाहेरचा’ बोकड घरचाच निघाला

इथल्या उस्मानाबादी शेळ्यांच्या कळपातला सात नंबरचा बोकड पैदाशीतून बाद. गेल्या नोंदीत ज्याच्या छातीच्या घेराचं आणि सरळ पाठीचं कौतुक केलं होतं, तोच. जनावरात काही खोट नाही, खोट वंशावळीच्या शीटमध्ये आहे. त्याच्या ओळीत ‘बाप अज्ञात, आई अज्ञात, कळपाशी नातं शून्य’ असं लिहिलंय, आणि त्यातलं ते शून्य चुकीचं ठरलं.

उलगडा भलत्याच कामातून झाला. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगावरच्या लसीच्या तारखा पडताळायला, व्यापाऱ्याने तो ज्या कळपातून आणला त्या शहापूरकडच्या कळपाचे फोटो मागवले होते. एका फोटोत गव्हाणीवर मान टाकून उभा असलेला जुना काळा बोकड. डाव्या कानाच्या खालच्या कडेला दोन खाचा, मधे एक भोक. बिल्ला नाही. ही खूण आपली आहे: खाचा म्हणजे नंबर, भोक म्हणजे पैदाशीला वापरलेला. अडीच वर्षांपूर्वी इथून गेलेला दोन नंबर! त्या कळपात तेव्हापासून तोच एकटा बोकड. सात नंबर दोन दाती, जेमतेम सोळा महिन्यांचा. म्हणजे बापाबद्दल शंका उरत नाही.

व्यापारी खोटं बोलला असं म्हणवत नाही. त्याच्या दृष्टीने शहापूर म्हणजे आपल्या मुरबाडच्या बाहेरच. म्हशाच्या जत्रेत बैल घेताना माणूस दात बघतो, खांदा बघतो, गाव विचारतो, आधीचा मालक कोण ते विचारतो. बोकड घेताना मात्र काट्यावरचं वजन बघितलं की खिशात हात. त्यात बकरी ईदला उंच, भरदार बोकड चढ्या भावाने आधी निघून जातात, म्हणून पैदाशीला काय उरतं तेही बघायला हवं.

आता हिशेब. दोन नंबरच्या नऊ मुली अजून कळपात आहेत, एकच बोकड होता त्या काळातल्या: कळपाच्या अ, ब, क या तीन गटांपैकी सहा अ गटात, तीन ब गटात. सात नंबर त्यांचा सावत्र भाऊ. बाप एक, आया वेगळ्या, तर होणाऱ्या करडांचा एफ, म्हणजे इनब्रीडिंगचा (नात्यातल्या पैदाशीचा) आकडा, १२.५ टक्के. दोन नंबरच्या नातींवर तो सोडला तर ६.२५. बाप-लेक किंवा सख्खे भाऊ-बहीण असते तर २५.

ज्यांच्या शीटमध्ये नात्याचा तक्ता अजून नाही त्यांच्यासाठी: जनावरं जन्मतारखेच्या क्रमाने लावा, आई-बाप नेहमी पिल्लाच्या वर. दोन जनावरांमधलं नातं म्हणजे पहिल्याचं दुसऱ्याच्या बापाशी असलेलं नातं अधिक दुसऱ्याच्या आईशी असलेलं नातं, भागिले दोन. यात ‘दुसरं’ हे नेहमी वयाने लहान जनावर. कर्णावरच्या घरात १ अधिक त्या जनावराचा स्वतःचा एफ. करडाचा एफ म्हणजे त्याच्या आई-बापांमधल्या नात्याच्या निम्मा. एवढ्या एका सूत्रावर अख्खा तक्ता खाली ओढता येतो. मेख अशी की विकत आणलेल्या प्रत्येक जनावराचं सगळ्यांशी नातं तक्ता निमूट शून्य धरतो. त्यामुळे सात नंबरच्या बाबतीत तो सहा महिने हिरवे आकडे दाखवत राहिला.

आणि गुंता इथे संपत नाही. दोन नंबर विकला त्याच सौद्यात त्याच्या दोन मुलीही गेल्या होत्या. सात नंबरची आई त्या दोघींपैकी असेल, तर तो स्वतः बाप-लेकीचा, एफ २५ टक्के. मग अ गटातल्या शेळ्यांशी त्याचं नातं दोन वाटांनी येतं, एक बापाकडून, एक आईकडून, आणि करडांचा एफ १८.७५ वर जातो. शहापूरवाल्यांकडे आयांची नोंद नाही. तिथल्या सगळ्या शेळ्या काळ्या, सगळ्या लांब कानाच्या, आणि पाटी (मादी करडं) विकताना आपण कानात खाचा पाडल्या नव्हत्या. ही चूक इथली.

डीएनएने सोडवू म्हटलं तर तेही सरळ नाही. करडाचा बाप हाच का, हे मायक्रोसॅटेलाइटवर (डीएनएमधल्या ठरावीक खुणांवर) सहज कळतं, कारण प्रत्येक खुणेच्या जागी बाप-पिल्लात एक तरी प्रत जुळलीच पाहिजे. दोन-तीन जागी जुळली नाही की तो बाप कटाप. सावत्र भावंडांत मात्र सरासरी निम्म्याच जागी बापाकडून आलेली तीच प्रत असते. एकाच जातीच्या परक्या जनावरांतही योगायोगाने बऱ्याच जागा जुळतात, त्यामुळे बारा-पंधरा खुणांवर सावत्र आणि परके यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. पन्नास हजार खुणांची एसएनपी चिप लावली तर निकाल स्पष्ट लागेल, शिवाय दोन्ही प्रती सारख्या असलेले सलग पट्टे मोजून त्याचा स्वतःचा एफही कळेल. पण बारा किलोच्या पाटीच्या भावात तो खर्च बसत नाही. दोन नंबरचे केस जपून ठेवले असते तर बापाचा प्रश्न तरी फोटोची वाट न बघता साध्या चाचणीत सुटला असता.

म्हणून आजपासून नियम: कळपातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बोकडाचे शेपटीचे पंचवीस-तीस केस, मुळासकट उपटलेले, कोरड्या हाताने. कापलेल्या केसांचा उपयोग नाही, पेशी मुळाशी असतात. कागदी पाकिटात ठेवायचे. प्लास्टिकच्या पिशवीत मुरबाडच्या पावसाळ्यात आठवड्यात बुरशी धरते. पाकिटावर नंबर, तारीख, खाचांची खूण. सगळी पाकिटं एका डब्यात, सोबत सिलिकाची पुडी.

बिल्ल्यांबद्दल पुन्हा एकदा: बारा अंकी पिवळा बिल्ला विमा आणि लसीकरणासाठी हवाच, पण वंशावळ त्याच्या भरवशावर ठेवू नये. कुंपणात, करवंदीच्या जाळीत अडकून कान फाटतो आणि बिल्ला जातो. विकत घेणारा तर तो मुद्दाम कापतो. खाच राहते. मात्र ती नख मावेल एवढी खोल हवी. कोवळ्या कानाला पाडलेली उथळ खाच कान वाढला की बुजते. आणि हे काम माघ-फाल्गुनात उरकावं, आषाढात जखमेत अळ्या पडतात.

आता चांगली बातमी. बोकडाने कुठली शेळी लावली ते कळावं म्हणून त्याच्या छातीला फासायचा रंग सापडला, पिवडी (पिवळी माती) जमली! काळ्या उस्मानाबादीवर गेरू दिसत नाही, हे मागच्या वेळी लिहिलं होतं. मग शंखजिरं (टाल्कची पूड) तेलात कालवून पाहिलं. कोरडं असताना पांढरं शुभ्र, तेल पडताच मेणचट पारदर्शक, शेळीच्या पाठीवर नुसता तेलाचा डाग. पिवडी तेलातही पिवळीच राहते. १०० ग्रॅम पिवडीला ४० ते ४५ ग्रॅम शेंगदाणा तेल, घट्टपणा श्रीखंडाएवढा, रोज सकाळी बोकडाच्या पुढच्या पायांमधे छातीवर थापायचं. लावलेली शेळी संध्याकाळी लांबूनच ओळखू येते. सतराव्या दिवशी रंग बदलायचा, म्हणजे एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आलेली वेगळी कळते. दुसरा रंग म्हणून झिंक ऑक्साइड चालतं. दुकानात नुसता ‘सफेदा’ मागू नका, शिशाचा हातात पडला तर शेळ्या चाटतात. या पिवडीमुळेच पक्कं सांगता येतं की मेमध्ये सात नंबरने अ गटातल्या पाचच शेळ्या लावल्या, पाचही दोन नंबरच्या मुली.

त्या पाच गाभण आहेत, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात विणार. गर्भपात वगैरे करण्याचं काही कारण नाही. करडं मांसासाठी जातील, पाटीसुद्धा. वजनं नेहमीप्रमाणे चोवीस तासांच्या आत घेऊ, पण त्या आकड्यांवरून इनब्रीडिंगने इतकं वजन घटलं असं कुणी म्हणू नये. पाच शेळ्यांत एकुलतं की जुळं, नर की मादी, पहिलं वेत की चौथं, यांचाच फरक त्याहून मोठा असतो.

मेमधल्या त्या, नर की मादी अशा संशयातल्या करडाचाही निकाल लागला: बाहेरून पाट, पण योनीत वाटाण्याएवढी गाठ. त्याचं खापर इनब्रीडिंगवर फोडू नका. आई-बाप दोन्ही बिनशिंगी होते. बिनशिंगीपणाची प्रत दोन्हीकडून आली की मादी करडू द्विलिंगी निपजतं, अशा जोडीत साधारण आठांत एक. जोडीतला एक शिंगाचा ठेवला की प्रश्न मिटतो.

सात नंबरचं काय? पहिला बेत असा होता: क गटातल्या आठही शेळ्या उस्मानाबादीच्या मूळ मुलुखातून, थेट परांड्याहून आलेल्या, दोन नंबरशी नातं नाही. बोकड स्वतः कितीही इनब्रेड असला तरी परक्या शेळीपासून होणाऱ्या करडाचा एफ शून्य. मग त्याला क गटात वर्षभर वापरावा.

इथवर लिहून बोकड गटागटांत फिरवण्याच्या चक्राचा पुढचा फेरा मांडला आणि बेत फिरला. क गटातल्या त्याच्या मुली म्हणजे दोन नंबरच्या नाती. मग अ, ब, क तिन्ही गटांत दोन नंबरच दोन नंबर, आणि बोकड अ मधून ब, ब मधून क, क मधून अ असे फिरवण्याला अर्थच राहत नाही. करडाचा एफ एका पिढीत शून्यावर येतो, पण कळपातून गेलेलं वैविध्य परत येत नाही. क गट हा एकच कोरा कागद उरलाय, तो असा रेघोट्या मारून संपवायचा नाही. त्यामुळे सात नंबर खाटकाकडे. कुणाला ‘चांगला दिसतो’ म्हणून पैदाशीला द्यायचा नाही, नाहीतर दोन वर्षांनी त्याचाही मुलगा व्यापाऱ्याच्या टेम्पोतून इथेच उतरेल.

नवा बोकड परांडा-तुळजापूरकडे कळपात जाऊन, आई समोर उभी बघून आणायचा. कोकण कन्याळ जातीच्या शेळ्या पाळणाऱ्यांना सिंधुदुर्गाबाहेर हीही सोय नाही, त्यांनी तर खाचा आणि केस आजच सुरू करावेत.

पण मूळ दुखणं संख्येचं आहे. २४ शेळ्यांना एक बोकड होता तेव्हा परिणामी संख्या (पैदाशीच्या दृष्टीने कळप प्रत्यक्षात केवढा ठरतो तो आकडा) जेमतेम ३.८, म्हणजे दर पिढीला एफ १३ टक्क्यांनी चढणार. तीन बोकडांवर ती १०.७ झाली, चढ ४.७ टक्के. शेळ्या दुप्पट करून ४८ केल्या तरी ११.३ च, उलट शेळ्या २४ च ठेवून चौथा बोकड ठेवला तर १३.७. खाणं एका बोकडाचं वाढतं, फायदा चोवीस शेळ्यांहून जास्त. तरीही किमान हवा असं मानतात तो ५० चा पल्ला एका प्लॉटवर गाठणं अशक्य. मुरबाड, शहापूर, बदलापूर, टिटवाळा आणि पनवेलकडचे, असे पाच कळप मिळून १५ बोकड, १२० शेळ्या धरल्या तर आकडा ५३ येतो. सगळे बोकड सारखे वापरले जातील असं धरून, म्हणजे प्रत्यक्षात कमीच.

तर प्रस्ताव: बोकड विकायचे नाहीत, फिरवायचे. प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त बारा महिने, कारण पाच महिने गाभणपणाचे आणि सात-आठ महिन्यांत त्याची पहिली मुलगी माजावर. त्याआधी तो पुढच्या प्लॉटवर गेलेला हवा. नर करडं तिसऱ्या महिन्यात वेगळी, यात सूट नाही. हलवण्याआधी ब्रुसेला चाचणी आणि लेंड्यांची तपासणी, पीपीआर झालेली, पोचल्यावर तीस दिवस वेगळा गोठा. ब्रुसेला पॉझिटिव्ह निघाला तर तो बोकड चक्रातून कायमचा बाहेर, कितीही देखणा असो; तो रोग माणसालाही होतो.

ज्यांना यायचंय त्यांनी आधी आपापल्या बोकडांच्या दोन्ही कानांचे फोटो टाकावेत, खालची कड स्पष्ट दिसेल असे. दोन नंबरच्या दोन खाचा आणखी कुठे निघतात ते आधी बघू.