काळी चार ते काळी एक

माझ्या जुन्या संगीताच्या वहीच्या शेवटच्या पानावर बाईंच्या अक्षरात एक उभी यादी आहे: काळी चार, पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन, काळी दोन, पांढरी दोन, काळी एक. प्रत्येक नोंदीपुढे तारीख घातलेली आहे. पहिली तारीख 12 जुलै 1993 ची आहे आणि शेवटची 6 फेब्रुवारी 1995 ची. पेटीच्या पट्ट्यांची, म्हणजे माझा षड्ज (सा) ज्या ज्या सुरावर लागत गेला त्यांची, उंचावरून खाली येणारी ही यादी म्हणजे माझा आवाज फुटला त्या दीड वर्षाची नोंद आहे. आपल्या मिरजेतल्या संगीत विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मला जे सांगायचे आहे ते सगळे या एका पानाभोवतीच फिरते, म्हणून बाकीच्या आठवणी मी थोडक्यात आटोपणार आहे.

मी 1989 च्या जूनमध्ये, नऊ वर्षांचा असताना विद्यालयात दाखल झालो. वडील रेल्वेत होते आणि आम्ही मिरज जंक्शनजवळच्या रेल्वेच्या चाळीत राहत होतो. विद्यालयाला स्वतःची जागा नव्हती. दिवसा जिथे प्राथमिक शाळा भरत असे, त्याच दोन खोल्यांमध्ये संध्याकाळी बाक भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या जात आणि आमचे वर्ग सुरू होत. फी महिना पंधरा रुपये होती. ज्यांना तीही जड होती त्यांच्या नावापुढे वहीत काय लिहिले जाई हे खजिनदारांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते, आणि आम्हा मुलांमध्ये तो विषय कधी निघालाच नाही. विश्वस्त मंडळात एक निवृत्त मुख्याध्यापक, एक किराणा व्यापारी, एक वकील आणि कान-नाक-घशाचे एक डॉक्टर होते. त्यांपैकी कोणीही मानधन घेत नसे. गुरुपौर्णिमेच्या आधी महिनाभर हीच मंडळी पावतीपुस्तके घेऊन पेठेत फिरत. मला गाणे शिकवणाऱ्या बाईंना स्वतःचे नाव छापून आलेले आवडत नसे, म्हणून त्यांच्या पश्चातही मी ते इथे लिहीत नाही. त्यांचे विद्यार्थी त्यांना ओळखतीलच.

मिरजेत लहान मुलांनी गाणे शिकावे यात नवल करण्यासारखे काही नाही, असे बाई आम्हाला सांगत, आणि त्याला त्या गावचाच दाखला देत. 1872 मध्ये कुरुंदवाडला जन्मलेले विष्णू दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याने डोळे दुखावल्यामुळे उपचारासाठी मिरजेला आले आणि इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. पुढे त्यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेही कोणा संस्थानिकाच्या आश्रयावर विसंबून न राहता लोकांच्या मदतीवर. 1931 मध्ये मिरजेतच त्यांचे निधन झाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या मंडळाच्या परीक्षांना आम्ही बसत होतो. हे सांगताना बाईंचा भर थोरवीवर नसे. दृष्टी अधू झालेल्या एका मुलाला या गावात कोणीतरी शेजारी बसवून शिकवले, एवढेच त्यांना आमच्या मनात रुजवायचे असे.

चार वर्षे माझे बरे चालले होते. त्या परीक्षांपैकी प्रारंभिक झाली, दोन्ही प्रवेशिका झाल्या. माझा आवाज काळी चारचा होता, म्हणजे बाईंच्याच पट्टीतला, आणि त्यामुळे त्यांनी गाऊन दाखवलेली जागा तशीच्या तशी उचलण्याची मला सवय झाली होती. 1993 च्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात मला दुर्गा रागातला छोटा ख्याल गायचा होता. स्थायी नीट झाली. अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, तार षड्जावर (वरच्या सा वर) पोहोचलो आणि आवाज मधोमध चिरला. पुन्हा प्रयत्न केला तेव्हा षड्जाच्या जागी एक घोगरा, मलाच अनोळखी वाटणारा आवाज बाहेर पडला. पुढच्या सतरंजीवरची लहान मुले हसली. मी कसाबसा मुखडा धरला आणि थांबलो. बाईंनी पेटीवर शांतपणे समेवर येऊन बंदिश संपवली, जणू ती तिथेच संपायची होती.

घरी यावर फारशी चर्चा झाली नाही. आठवीचे वर्ष होते, गणिताची शिकवणी लावायची होती, आणि आता गाणे पुरे असे वडिलांना मनापासून वाटत होते. मलाही सुटल्यासारखे वाटले, हे मान्य केले पाहिजे. माझ्याआधी विद्यालयातले तीन-चार मुलगे याच वयात येईनासे झाले होते. मुली वरच्या विशारद परीक्षेपर्यंत टिकत आणि मुलगे मध्यमेच्या, म्हणजे प्रवेशिकेनंतरच्या परीक्षेच्या, उंबऱ्यावरून परत फिरत. त्याचे कारण तोवर कोणी नीट शोधले नव्हते. पुढच्या सोमवारी मी गेलो नाही. मंगळवारी संध्याकाळी बाई आमच्या चाळीत आल्या. त्यांनी आईच्या हातचा चहा घेतला, वडिलांची विचारपूस केली आणि जाताना दारात मला म्हणाल्या, “सध्या गाऊ नकोस. पण येणं सोडू नकोस. मला तानपुऱ्यावर माणूस हवा आहे.”

त्यानंतरच्या आठवड्यात विश्वस्तांपैकी डॉक्टर वर्गावर आले. (मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, पण संध्याकाळी दवाखाना बंद ठेवून आठ-दहा मुलांसमोर येऊन बसणारा डॉक्टर मी नंतर कुठे पाहिला नाही.) त्यांनी फळ्यावर स्वरयंत्राची आकृती काढली आणि या वयात मुलग्यांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि वाढ पुरी होईपर्यंत ते कसे वागतील याचा भरवसा नसतो, हे सांगितले. मग कोपऱ्यातला तानपुरा पुढे ओढून जोडाची, म्हणजे मधल्या षड्जाच्या दोन तारांपैकी एक, तार छेडली, त्यानंतर खर्जाची (खालच्या षड्जाची) जाड पितळी तार छेडली आणि विचारले, “हिचा आवाज खाली का?” आम्ही म्हणालो, तार जाड आहे म्हणून. “मग जाड झालेली तार कोणी मोडली असं म्हणतं का?” असे ते म्हणाले. माझा आवाज बिघडला, ही समजूत त्या संध्याकाळी माझ्या मनातून गेली. ती जाण्यासाठी एक फळा, एक खडू आणि वीस मिनिटे पुरली होती.

पुढचे दीड वर्ष मी तानपुरा लावायला शिकलो. वाचायला हे सोपे वाटेल. आधी खुंट्यांनी तारा ढोबळ मिळवायच्या, मग मणी केसभर सरकवून त्या जुळवायच्या, आणि शेवटी घोडीवर तारेखाली जवारीचा, म्हणजे तारेला गुंजन देणारा, दोरा इतका हळू हलवायचा की एका जागी आल्यावर बोथट वाटणारी तार आपोआप खुलते. बाई पाठमोऱ्या बसत आणि मी लावलेला तानपुरा नुसता ऐकून सांगत की दुसऱ्या जोडाची तार किंचित चढी आहे. चारही तारा खऱ्या मिळाल्या म्हणजे खर्जातून कोणी न छेडलेला गांधार (ग) ऐकू येतो, हे मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले होते. तो प्रत्यक्ष ऐकू यायला मला पाच महिने लागले. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, वर्ग भरण्याआधी मी एकटाच असताना तो स्पष्ट आला, आणि मी बाई येईपर्यंत तार छेडत बसून राहिलो, कारण हात थांबवला तर तो जाईल अशी मला भीती वाटत होती.

गाणे बंद होते, पण शिकणे बंद नव्हते. लहान मुलांच्या पलट्यांना मी हाताने ताल धरत असे, बंदिशींचे स्वरलेखन वहीत उतरवत असे, आणि बाई मोठ्या मुलींना बागेश्री शिकवत तेव्हा मागे बसून ऐकत असे. महिन्यातून एक-दोनदा, सोमवारी, वर्ग सुटल्यावर त्या पेटी पुढे ओढत, एकेक पट्टी दाबत आणि माझा षड्ज कुठे विनासायास लागतो ते पाहत. पाच मिनिटांपेक्षा जास्त गाऊ देत नसत. आवाजाने नवी जागा धरली असे त्यांना वाटले की ती पट्टी वहीत लिहीत. काही महिने तर आवाज कुठेच ठरत नसे. त्या काळात त्यांनी एकदा मला अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकवली. तो उंच, तरल आवाज ऐकून मी म्हणालो की माझा आवाजही असाच उंच राहिला असता तर बरे झाले असते. त्यावर बाई म्हणाल्या, “खाँसाहेबांची पट्टी खाँसाहेबांची. तुझी अजून यायची आहे.” खाँसाहेबांचे 1937 मध्ये निधन झाले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. त्या वर्षी बाई मला सोबत घेऊन गेल्या आणि रात्रभर मला एकच काम दिले: प्रत्येक गायकाची पट्टी ओळखून मनात ठेवायची. सकाळी परतताना मी त्या सगळ्या पट्ट्या त्यांना म्हणून दाखवल्या. त्यांत काळी एक होती, पांढरी दोन होती, काळी पाचही होती.

1994 च्या दिवाळीनंतर माझा आवाज काळी दोनच्या खाली उतरू लागला तेव्हा एक वेगळीच अडचण उभी राहिली. विद्यालयाचे तिन्ही तानपुरे जनानी, म्हणजे उंच पट्टीसाठीचे लहान, होते. बाई, मुली आणि लहान मुले, सगळ्यांच्या पट्ट्या उंच असल्यामुळे मोठ्या तानपुऱ्याची गरज कधी पडलीच नव्हती. आखूड दांडीचा तो तानपुरा काळी एकला उतरवला की तारा सैल पडत आणि जवारी मरून जाई. मुलगे मध्यमेच्या आधी का गळतात याचे एक उत्तर त्या कोपऱ्यातच उभे होते: त्यांचा नवा आवाज ज्याला मिळवता येईल असे वाद्यच विद्यालयात नव्हते. विद्यालयाकडे मर्दानी, म्हणजे खालच्या पट्टीसाठीचा मोठा, तानपुरा विकत घेण्याइतके पैसेही नव्हते. बाई मला घेऊन सतारमेकर गल्लीत गेल्या. एका दुकानात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे आढ्याला टांगलेले होते आणि एक वृद्ध कारागीर तबलीवर पॉलिश करत बसले होते. त्यांनी माझ्याकडून षड्ज लावून घेतला, क्षणभर ऐकले आणि आतल्या खोलीतून एक जुना मर्दानी तानपुरा आणला. त्याच्या भोपळ्याला आडवी चीर गेलेली होती आणि ती सांधलेली दिसत होती. “गिऱ्हाईक घेत नाही, आवाज मात्र खणखणीत आहे. पोराची परीक्षा होईस्तोवर न्या,” असे ते म्हणाले. भाडे त्यांनी घेतले नाही. तो तानपुरा परीक्षा झाल्यावरही विद्यालयातच राहिला, आणि दर पावसाळ्यानंतर ते स्वतः येऊन त्याची जवारी काढून देत राहिले. मिरजेच्या सतारींना आणि तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली तेव्हा मला आधी ती सांधलेली चीर आठवली.

1995 च्या उन्हाळी सत्रात मी काळी एकमध्ये मध्यमा प्रथम दिली. बाई काळी चारमध्ये शिकवत आणि मी तीच जागा सात पट्ट्या खाली गात असे. त्यामुळे त्यांचा गळा जसाच्या तसा उचलण्याची सोय कायमची संपली आणि प्रत्येक स्वर मला स्वतःच्या षड्जावरून मोजावा लागला. मला आज जे काही थोडे गाणे येते ते त्या मोजण्यातून आले आहे, असे मी प्रामाणिकपणे मानतो. पुढे मी विशारद झालो, बँकेत नोकरी लागली आणि सोलापूरला स्थायिक झालो. मी मैफली करणारा गायक नाही. रोज सकाळी तासभर गातो, आणि कामावरून परतल्यावर कॉलनीतल्या पाच मुलांना शिकवतो. त्यांत दोघांचे आवाज यंदा फुटले आहेत. दोघेही नेमाने येतात आणि सध्या तानपुरा लावतात.

विश्वस्तांना मागच्या महिन्यात लिहिलेल्या पत्राचा इथे उल्लेख करतो, म्हणजे माजी विद्यार्थ्यांपैकी आणखी कोणाला हातभार लावावासा वाटला तर त्यांना कळेल. तो सांधलेला तानपुरा आता वाजवण्याच्या पलीकडे गेला आहे. त्याच्या जागी नवा मर्दानी तानपुरा मी सतारमेकर गल्लीत, त्याच दुकानात, त्या कारागिरांच्या नातवाकडे करायला टाकला आहे. भोपळा निवडून झाला आहे, दांडी बसली आहे, जवारी तेवढी राहिली आहे. तारा कोणत्या पट्टीसाठी चढवू असे त्याने फोनवर विचारले, तेव्हा मी त्याला काळी एक सांगितली, आणि काळी दोनपर्यंत चढवता येतील अशाच तारा घाल म्हणालो, कारण सगळ्या मुलांचे आवाज एकाच ठिकाणी येऊन थांबत नाहीत.