गिरणीची कथा : चार रविवारांची नोंद

गेल्या दिवाळीपासून माझी एकही कथा पुरी झालेली नाही. सुरुवाती मात्र सात पडून आहेत. म्हणून मे महिन्यात पुण्यातल्या एका कथालेखन कार्यशाळेत नाव घातलं. साताऱ्याहून सहाची एसटी पकडायची आणि रात्री परत यायचं, असे चार रविवार. आम्ही अकरा जण होतो.

पहिला रविवार. पद्धत क्लॅरियनची. १९६८ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या क्लॅरियन इथल्या कॉलेजात विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसाठी कार्यशाळा सुरू झाली, तिथे रुळलेली ही रीत. कथा सगळ्यांनी आधीच वाचून यायची, गोल करून बसायचं, पाळीपाळीने थोडक्यात बोलायचं. ज्याची कथा, त्याने सगळ्यांचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा नियम भयंकर आहे. ‘अहो, मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे वाक्य मी त्या दिवशी निदान सहा वेळा गिळलं.

कथा अशी : नाना आपली पिठाची गिरणी कायमची बंद करतात. माझी सुरुवात ‘पहाटेचं धुकं गावावर दुलईसारखं पसरलं होतं’ इथून. दहापैकी आठ जण धुक्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. नववे, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका, म्हणाले, “ताई, तिसऱ्या पानावर नाना पट्टा काढतात, तिथे मी सरसावून बसलो. त्याआधी नुसता वाचत होतो.” दहावी जी होती, तिच्या मामांची गिरणी होती. तिने विचारलं, “दगडाला टाकी कोण लावतं यांच्याकडे? गिरणीवाल्याच्या घरात तो आवाज असतोच.” टाकी लावणं म्हणजे दळून गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरखरीत करणं. माझ्या कथेत दगडच नव्हता. गिरणी होती, पीठ होतं, दगड नाही!

येताना एसटीत ‘सत्यकथा’ मासिक आठवत होतं. आपल्याकडे हे काम संपादक करत. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी कथेबद्दल सविस्तर बोलत, फेरलेखन सुचवत. १९८२ साली ते मासिक बंद झालं. आता मेलला उत्तरच येत नाही. ‘साभार परत’ची चिठ्ठी आली तरी मी फ्रेम करून लावीन.

दुसरा रविवार. विषय ‘सर्जनशीलतेला नवसंजीवनी’. डोळे मिटा, समुद्र बघा, श्वासावर लक्ष द्या. मला झोप लागली. बाकीच्यांना काही दिसलं असेल तर चांगलंच आहे.

घरी करायला दिलेली गोष्ट मात्र उपयोगी पडली. रोज सकाळी उठल्याउठल्या हाताने तीन पानं लिहायची, काय वाट्टेल ते, आणि मागे वळून वाचायचं नाही. तीस दिवसांपैकी माझे एकोणीस झाले. बहुतेक पानं म्हणजे दुधाचा हिशोब, वरच्या मजल्यावरचा नळ आणि जाऊबाई. नवव्या दिवशी मात्र मध्येच हे आलं : ‘गिरणी बंद झाली की कानात काहीतरी राहून जातं.’ पान उलटून पुढे नळाबद्दल लिहिलं. दुपारी ऑफिसात ते वाक्य परत आठवलं. नियम मोडून वही उघडली.

तिसरा रविवार. सगळ्यात कामाचा. कथेतला एकच प्रसंग पुन्हा लिहायचा, पण भावनेचं नाव घ्यायला बंदी. दुःख, उदास, हुरहुर, गहिवर, सगळं बाद. वेळ वीस मिनिटं.

आधीचं : ‘नानांनी जड अंतःकरणाने पट्टा काढला. त्यांचे डोळे पाणावले.’

नंतरचं : ‘नानांनी पट्टा काढला. गुंडाळी करून सुतळीने बांधायला घेतला. गाठ सुटली. परत मारली, परत सुटली. मग तो तसाच मोकळा त्यांनी खुंटीला अडकवला.’

वाचून झाल्यावर पोस्टातले काका नुसतं “हां” म्हणाले. त्या ‘हां’साठी तीन तास एसटीत बसायला माझी हरकत नाही.

याचा अतिरेकही होतो, हे सांगायला हवं. त्याच दिवशी एकाने अख्खी कथा अशी लिहून आणली होती की पात्रं फक्त वस्तू उचलत होती आणि खाली ठेवत होती. वाचताना सामान हलवल्यासारखं वाटलं.

चौथा रविवार. फेरलेखन वाचलं. पहिली अडीच पानं गेली, धुक्यासकट. ३,२०० शब्दांचे २,१०० झाले. दगड आला. सुरुवातच टाकीच्या आवाजाने होते : नाना छिन्नी घेऊन बसलेत, एक एक घाव घालतायत, आणि सुनेला कळत नाही की उद्या बंद करायच्या गिरणीच्या दगडाला आज कशाला टाकी लावायची. हा प्रश्न पहिल्या खर्ड्यात नव्हताच. आता कथा त्याच्याभोवतीच फिरते.

शेवट अजून जमलेला नाही. तीन प्रकारे लिहून पाहिला. एकात नाना दगड अंगणात पायरी म्हणून बसवतात. गटात सगळ्यांना आवडला, मला फार सोयीचा वाटतो. दुसऱ्यात शेजारीण सवयीने दळणाचा डबा घेऊन येते. तिसऱ्याबद्दल बोलायला नको.

दिवाळी अंकासाठी कथा जूनअखेर पाठवायची आहे, म्हणजे हातात बारा दिवस. कार्यशाळा संपली तरी आम्ही चौघं दर पंधरा दिवसांनी फोनवर एकमेकांच्या कथा वाचणार आहोत, न बोलण्याच्या नियमासकट. पहिली पाळी काकांची. त्यांची कथा काल आली आणि तिची सुरुवात धुक्याने आहे.