पकड वाढवण्याचं काम: पंजाच्या पुढच्या चार सेंटिमीटरची नोंद

बूट डोंगरात कातळ चढायचे, घोट्यापर्यंतचे, चामडी, कडकपणानुसार बी१ वर्गातले, म्हणजे चालताना थोडे वाकणारे. सोलवरचे टाचेकडचे दाते (रबराचे उंचवटे) चांगले आहेत, पण पंजाच्या टोकाची कड झिजून पार गोल झालेली. कातळातल्या अरुंद खोबणीत उभं राहताना सगळा भार याच कडेवर येतो आणि गोल कड भाराखाली बाहेर गुंडाळली जाते. रबर कितीही चांगलं असो, तिथे पाय सुटणारच. म्हणून अख्खा सोल न बदलता फक्त पुढचा भाग घेतला. तुलनेसाठी उजव्या बुटाची कड घासून काटकोनात आणली, तर डाव्याच्या पंजाखाली क्लाइंबिंग शूजच्या रबराचा ४ मिमी जाड तुकडा, म्हणजे पॅच, बसवला.

हात घालण्याआधी मिडसोल (सोल आणि बूट यांमधला मऊ थर, बहुधा पॉलियुरेथेन फोमचा) अंगठ्याने जोरात दाबून पाहावा. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने विघटित होतं, बूट कपाटात नुसते पडून असले तरीही. भेगा दिसल्या किंवा चुरा निघाला तर त्या जोडीवर रबर वाया घालवू नये; पॅच सोलसकट निघून येईल.

उजव्याचं काम किरकोळ. लाकडी ठोकळ्याला ६० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून टोकाचा दीडेक सेंटिमीटर सपाट केला. एवढंच.

डाव्याला वेळ लागला. टोकापासून चार सेंटिमीटर मागे रेघ मारून तिच्या पुढचे दाते बुडापर्यंत घासले. ग्राइंडर वापरत असाल तर हात हलका ठेवा. रबर तापलं की वितळून चकचकीत होतं आणि त्या चकाकीवर ग्लू धरत नाही. मिडसोलचा रंग डोकावायच्या आत थांबायचं. मग सोल आणि पॅच दोन्ही ४० नंबरने खरवडले, धूळ ब्रशने झाडली आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं.

ग्लू काँटॅक्ट प्रकारचा, म्हणजे दोन्ही बाजूंना लावून सुकल्यावर चिकटवायचा. रबरावर रबर असेल तर निओप्रीनचा चालतो. पॅच बाजूच्या टीपीयू (लवचिक प्लास्टिक) पट्टीवर चढवायचा असेल तर पॉलियुरेथेनचा लागतो. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर द्यायचा, वीसेक मिनिटं सुकू द्यायचा, मग दुसरा थर. बोट लावल्यावर ग्लू बोटाला येत नसला की हीट गनने दोन्ही बाजू किंचित गरम करायच्या. जास्त तापवलं तर कारखान्यातला ग्लूही मऊ पडतो आणि जुना सोल सुटायला लागतो. खिडकी उघडी ठेवा, ग्लूची वाफ डोक्यात जाते. गन पेटवण्याआधी ग्लूचा डबा बंद करून लांब ठेवा.

आता खरी कसोटी. दोन ग्लू लावलेले पृष्ठभाग एकदा टेकले की सरकवता येत नाहीत. टोक आधी जुळवायचं आणि पॅच मागे मागे लाटत न्यायचा, म्हणजे हवा अडकत नाही. मग गोल तोंडाच्या हातोडीने मधून कडेकडे ठोकायचं. काँटॅक्ट ग्लूमध्ये दाब किती वेळ दिला यापेक्षा किती जोरात दिला याला महत्त्व. २४ तास बूट बाजूला. जादा रबर पाण्यात बुडवलेल्या धारदार सुरीने कापलं. कोरडं पातं रबरात अडकतं. मागची कड तिरपी उतरती केली, नाहीतर चालताना तिथूनच उचकटते. पुढची कड मात्र काटकोनातच ठेवायची. देखणी दिसावी म्हणून गोल केली तर सगळी मेहनत फुकट.

कोरड्या, स्वच्छ तिरक्या कातळावर पंजा सपाट टेकवून चढताना डावा बूट उघड सरस. अरुंद कडेवर मात्र दोघांत फारसा फरक नाही, म्हणजे तिथला फायदा रबराचा कमी आणि कडेचा जास्त. माती लागली की चिकट रबर धूळ पकडतं आणि बढाई संपते, त्यामुळे कातळटप्प्याच्या पायथ्याशी बुटांचे तळवे पँटवर पुसावेच लागतात. ओल्या शेवाळावर दोन्ही सारखेच कुचकामी. ओल्या गवतावर आणि चिखलात डावा वाईट, कारण पुढचे दाते गेले. दातेरी रबरी सोल व्हिताले ब्रामानी यांनी १९३७ मध्ये बाजारात आणला तो खिळे ठोकलेल्या सोलांना पर्याय म्हणून. गुळगुळीत कातळावर ते दाते टेकणारं क्षेत्रफळ फक्त कमी करतात. टाचेचे दाते उतरताना लागतात, त्यांना हात लावलेला नाही.

बुटाच्या आत पाय पुढे सरकत असेल तर कड कितीही तेज असून उपयोग नाही. पावलाच्या वळणावर नाडीला दोन पीळ देऊन आवळा. पंजा सपाट टेकवून चढायचं असेल तर त्यावरची नाडी सैल ठेवा, म्हणजे घोटा वाकून टाच खाली राहते. कडेवर उभं राहायचं असेल तर घट्ट.

डाव्या पॅचची झीज अंगठ्याखाली आतल्या बाजूने सुरू झाली आहे. तिथे दीडेक मिलिमीटर उरलं की गरम करून पॅच सोलून काढायचा आणि नवा बसवायचा. उजव्यालाही तेव्हाच.